बोर्ड जळाला तरी माल वाचला पाहिजे
घरच्या साठवण-सर्व्हरसाठी मदरबोर्डची निवड आणि मांडणी

जरीकामाच्या धंद्यात पूर्वी डिझाइन म्हणजे खाका. ट्रेसिंग पेपरवर सुईने टोचलेले खाके गुंडाळी करून लाकडी पेटीत ठेवले जात आणि पेटीची किल्ली कारखानदाराच्या कमरेला असे. आता भरतकामाची मशीन कॉम्प्युटरच्या फाइलीवर चालते. फाइल लहान असते, पण तिच्यासोबत मूळ रेखाटनांचे स्कॅन, तयार मालाचे फोटो, कॅटलॉग, बिले आणि गिऱ्हाईकांचे हिशेबही त्याच कॉम्प्युटरमध्ये साठतात. धंद्याचे बरेचसे भांडवल आज हार्ड डिस्कवर आहे, हे आपल्या बऱ्याच व्यापारी व कारागीर बांधवांच्या लक्षात येते ते ती डिस्क बंद पडल्यावरच.

आमच्या घरीही असेच झाले. गोवंडीच्या आमच्या कारखान्यात काही वर्षांपूर्वी चार डिस्क एकत्र बांधलेला एक कॉम्प्युटर बसवून घेतला होता. एक डिस्क गेली तरी बाकीच्या तिघींवरून सर्व माहिती मिळेल, असे बसवणाऱ्याने सांगितले होते आणि ते खरेही होते. पण रमजान ईदच्या हंगामात एका रात्री वीज गेली, जोराने परत आली आणि मदरबोर्ड जळाला. चारही डिस्क धडधाकट होत्या. तरीही आतली एक फाइल उघडेना, कारण चार डिस्कची जोडणी त्या बोर्डाच्याच रेड सोयीवर केलेली होती.

दुरुस्तीवाला म्हणाला, "शेठ, बोर्ड नवा टाकतो, मशीन सुरू होईल. आतला डाटा येईल की नाही, सांगता येत नाही." त्याच जातीचा जुना बोर्ड शोधण्यात अठरा दिवस गेले. बोर्ड मिळाला, डाटाही सुखरूप निघाला. पण तोवर दोन ऑर्डरी हातच्या गेल्या होत्या. अब्बांनी तेव्हा एकच प्रश्न विचारला, "पेटीची किल्ली आपल्या कमरेला होती. हिची किल्ली कोणाकडे आहे?"

पुढे कळले की काही प्रकारच्या बोर्डांवरची अशी जोडणी जाणकार माणूस लिनक्सवरही वाचून देऊ शकतो. त्या वेळी आम्हाला ते माहीत नव्हते, दुरुस्तीवाल्यालाही नव्हते. त्यानंतर आम्ही नवा संच स्वतः जुळवला. त्या अनुभवातून जे शिकलो, ते येथे देत आहोत.

सर्व्हर म्हणजे काय?

नाव मोठे असले तरी वस्तू साधी आहे. घरात किंवा दुकानात एका कोपऱ्यात चोवीस तास चालणारा एक कॉम्प्युटर, ज्यात दोन किंवा अधिक डिस्क असतात. दुकानातले, कारखान्यातले व घरातले बाकीचे कॉम्प्युटर आणि मोबाइल नेटवर्कवरून त्यात फाइली ठेवतात व काढतात. तयार पेट्याही बाजारात मिळतात. त्या बसवायला सोप्या असतात, पण दोन-चार डिस्कच्या पेटीची किंमत बरीच असते आणि पेटी बिघडली तर पुन्हा त्याच कंपनीकडे धाव घ्यावी लागते. साध्या मदरबोर्डावर जुळवलेला संच बिघडला, तर कोणत्याही बाजारातून दुसरा बोर्ड आणून काम पुढे चालू करता येते.

या कामाला वेगवान प्रोसेसर लागत नाही. फाइल घेणे व देणे हे काम दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही आरामात करतो. म्हणून बोर्ड निवडताना वेगापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. डिस्क किती लागतात, नेटवर्कचे दार किती रुंद आहे आणि वीज जाऊन आल्यावर संच आपोआप उभा राहतो की नाही.

पहिली मोजणी : साटाची तोंडे

हार्ड डिस्क ज्या तोंडाला जोडतात त्याला साटा पोर्ट म्हणतात. बोर्ड हातात घेऊन सर्वप्रथम ही तोंडे मोजावीत. हिशेब असा : एकमेकीची नक्कल ठेवणाऱ्या दोन डिस्क, म्हणजे दोन तोंडे. सर्व्हरची प्रणाली ठेवण्यासाठी एक लहान एसएसडी, म्हणजे तिसरे. आणि उद्या डिस्क बदलताना जुनी व नवी एकाच वेळी लावता यावी म्हणून एक रिकामे. चार तोंडांपेक्षा कमी असलेला बोर्ड शक्यतो घेऊ नये.

इंटेलच्या चिपसेटांत एच-८१, एच-११०, एच-३१०, एच-४१०, एच-५१० आणि एच-६१० हे चार तोंडांपर्यंत देतात. बी-८५, बी-१५०, बी-२५०, बी-३६०, बी-४६० आणि बी-५६० सहापर्यंत देतात. म्हणजे जुना बी मालिकेतला बोर्ड मिळाला तर तो या कामाला अधिक सोयीचा. मात्र नवीन म्हणून जास्त तोंडे असतील, असे समजू नये. बी-६६० व बी-७६० मध्ये ही संख्या पुन्हा चारवर आली आहे. शिवाय चिपसेट देतो तेवढी सर्व तोंडे बनवणारा बोर्डावर काढतोच असे नाही. तेव्हा नावावर न जाता डोळ्यांनी मोजावे.

येथे एक फसगत होते. नव्या बोर्डांवर एम.२ नावाची आडवी खाच असते, तिच्यात पट्टीसारखी एसएसडी बसते. पुष्कळ बोर्डांवर ही खाच वापरली की साटाचे एखादे किंवा दोन तोंडे आपोआप बंद होतात. आमच्या एका परिचिताने डिस्क सापडत नाही म्हणून ती दोनदा बदलून आणली. दोष डिस्कचा नव्हताच. बोर्डाच्या माहिती-पुस्तिकेत कोणते तोंड कशामुळे बंद होते, हे लिहिलेले असते. पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. पैसे देण्यापूर्वी मोबाइलवर ती उघडून हे एक पान तरी वाचावे.

तोंडे कमी पडली तर पीसीआय एक्सप्रेस खाचेत साटा कार्ड लावता येते. कार्ड घेताना त्यावरील चिप विचारावी. एएसएम ११६६ ही चिप सहा तोंडे देते आणि जेएमबी ५८५ पाच. एका तोंडाची फोड करून दहा-वीस तोंडे दाखवणारी स्वस्त कार्डे मिळतात, ती साठवणीच्या कामाला घेऊ नयेत. त्यांत एका डिस्कने गडबड केली की शेजारच्या डिस्कही नेटक्या चालत नाहीत. कार्डासाठी रिकामी खाच आहे ना, हेही बोर्ड घेतानाच पाहावे.

दुसरी गोष्ट : नेटवर्कचे दार

बाजारात एक स्वस्त माल भरपूर आहे. खोके नवे, पावती नवी, गॅरंटीही नवी. पण बोर्डावरचा एच-६१ हा चिपसेट २०११ सालचा. या चिपसेटची साटा तोंडे जुन्या, निम्म्या गतीची आहेत. डिस्कपुरते ते चालून जाते. खरी अडचण नेटवर्कची आहे, कारण अशा अनेक बोर्डांवर १०० एमबीपीएसचेच नेटवर्क दिलेले असते.

फरक किती पडतो पाहा. १०० एमबीपीएसच्या वाटेने सेकंदाला ११-१२ एमबी माल जातो. गिगाबिटच्या वाटेने सुमारे ११० एमबी. एखाद्या लग्नाचे फोटो-व्हिडिओ १०० जीबी धरले, तर पहिल्या वाटेने सुमारे अडीच तास लागतील आणि दुसऱ्या वाटेने पंधरा मिनिटे. तेव्हा बोर्डावर गिगाबिट नेटवर्क आहे, हे लेखी पाहूनच घ्यावे. २.५ गिगाबिटचे बोर्डही आता मिळतात, पण त्याचा फायदा स्विच आणि समोरचा कॉम्प्युटरही त्याच गतीचे असतील तरच.

वायरीकडेही लक्ष द्यावे. नेटवर्कच्या वायरीत चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. घाईने दोनच जोड्या जोडलेली वायर असेल तर उत्तम बोर्डही १०० वरच चालतो. आमच्याकडे माळ्यावरून आलेली जुनी वायर अशीच निघाली. बोर्डाला दोष देण्यापूर्वी वायरीची दोन्ही टोके तपासावीत.

जुना बोर्ड घ्यावा की नवा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक कॉम्प्युटर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. त्यामुळे कार्यालयांतून चांगले चालते संच बाहेर पडत आहेत. साठवण-सर्व्हरची प्रणाली लिनक्सवर चालते, तिला विंडोजच्या यादीशी काही देणेघेणे नाही. बोर्ड, प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम असा जुना संच बहुधा एका नव्या मोठ्या डिस्कपेक्षा स्वस्त पडतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असा माल पाहायला मिळतो.

मात्र मोठ्या कंपन्यांच्या ऑफिस-संचांतील बोर्ड सुटा घेताना जपावे. त्यांतील अनेकांना वीज-जोडणी त्यांच्या खास मापाची असते, साधा पॉवर सप्लाय लागत नाही. साटाची तोंडेही दोन-तीनच असतात. सुटा बोर्ड घ्यायचा तर साध्या मायक्रो-एटीएक्स मापाचा घ्यावा. हा बोर्ड जास्तीत जास्त २४४ मिमी लांब-रुंद असतो आणि कोणत्याही सामान्य कॅबिनेटमध्ये बसतो. उद्या तो जळाला तर त्याच भोकांवर दुसरा बसेल.

जुना बोर्ड दुकानातच सुरू करून पाहावा. कपॅसिटरची डोकी फुगलेली नाहीत ना, सॉकेटमधील पिना वाकलेल्या नाहीत ना, हे उजेडात बघावे. प्रत्येक साटा तोंडावर एक डिस्क लावून ती दिसते का, ते पाहावे. दुकानदार कटकट करील, करू द्यावी. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे याचीही खात्री करावी. इंटेलच्या नावामागे एफ असलेल्या प्रोसेसरांत ते नसते आणि मग पडद्यावर काही दिसण्यासाठी वेगळे कार्ड घ्यावे लागते.

नव्यात घ्यायचे तर प्रोसेसर बोर्डावरच बसवलेले छोटे बोर्ड मिळतात. इंटेलचा एन-१०० हा २०२३ साली आलेला चार कोअरचा प्रोसेसर अशा बोर्डांवर असतो. वीज कमी खातो, पंख्याशिवायही चालू शकतो. पण त्याची स्वतःची साटा तोंडे दोनच आहेत. जास्त तोंडे असलेल्या बोर्डावर ती वेगळ्या चिपमधून काढलेली असतात, हे ध्यानात ठेवून ती चिप कोणती ते विचारावे.

विजेचा हिशेब व्यापाऱ्याने स्वतः करावा. १० वॉट खाणारी वस्तू चोवीस तास चालली तर महिन्याला ७.२ युनिट होतात. डिस्क वगळता जुना संच रिकामा असताना साधारण ४० वॉट खात असेल तर सुमारे २९ युनिट. छोटा बोर्ड १५ वॉट खात असेल तर सुमारे ११. फरक १८ युनिटांचा. आपल्या बिलातील दराने त्याला गुणावे आणि नव्या बोर्डाची जादा किंमत किती महिन्यांत वसूल होते ते पाहावे. आमच्या हिशेबात जुनाच संच परवडला, कारण तो आम्ही रात्री ठरलेल्या वेळी बंद करतो.

रॅमबाबत एवढेच सांगू की ८ जीबी घ्यावी. चूक ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम मिळते, ती चांगलीच. पण तिला साथ देणारा बोर्ड व प्रोसेसर दोन्ही लागतात आणि इंटेलच्या साध्या बोर्डांवर तिचा उपयोग होत नाही. तिच्यासाठी जादा खर्च करण्याआधी यूपीएस आणि दुसऱ्या जागच्या नकलेचा खर्च करावा, असे आमचे मत आहे.

मांडणी : घाई नको

बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवण्यापूर्वी खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवून सुरू करावा. प्रोसेसर, पंखा, एक रॅम आणि पडदा एवढेच जोडावे. मग मेमटेस्ट हा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवावा. सकाळी एकही चूक दिसली तर ती रॅम परत करावी. खराब रॅम फाइली हळूहळू बिघडवते आणि ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी नवी टाकावी. तिचा क्रमांक बहुधा सीआर २०३२ असतो, घड्याळवाल्याकडेही मिळते. हे काम क्षुल्लक वाटेल, पण बॅटरी मेलेली असेल तर वीज जाताच बायोसमध्ये केलेली सर्व सेटिंग पुसली जातात आणि तारीखही मागे जाते.

त्यानंतर बायोसमध्ये जाऊन पुढील गोष्टी कराव्यात :

१. साटा मोड एएचसीआय ठेवावा. रेड ठेवू नये. आमचे अठरा दिवस याच एका ओळीने खाल्ले.

२. रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस, किंवा अशाच नावाची सोय, पॉवर ऑन करावी. म्हणजे वीज आली की संच आपणहून सुरू होतो.

३. कीबोर्ड नसेल तर थांबून राहण्याची सोय बंद करावी. नाहीतर वीज आल्यावर संच सुरू होतो आणि कोणीतरी एफ-१ दाबील म्हणून वाट पाहत बसतो.

४. रॅम व प्रोसेसर जादा वेगाने पळवण्याच्या सर्व सोयी बंद ठेवाव्यात.

५. बोर्डावरील आवाजाची सोय व इतर न लागणारी तोंडे बंद करावीत. पंखा तापमानाप्रमाणे चालेल असा लावावा.

६. सर्व झाल्यावर पडद्याचे मोबाइलने फोटो काढून ठेवावेत. बोर्ड बदलण्याची वेळ आली तर हेच फोटो उपयोगी पडतात.

पॉवर सप्लाय नामांकित घ्यावा. मोठ्या मापाची डिस्क सुरू होताना क्षणभर वीस-पंचवीस वॉट खेचते. चार डिस्क एकदम उठल्या की हलका सप्लाय दमतो. साटाच्या वीज-वायरी कमी पडल्या तर जुन्या चार-पिनी तोंडाला लावायचे साचेबंद स्वस्त जोड वापरू नयेत. त्यांच्या आत तारा एकमेकींना चिकटून जळाल्याचे प्रकार घडले आहेत. प्रत्येक डिस्कवर तिचा अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून चिकटवावा आणि तो बोर्डाच्या कोणत्या तोंडाला जोडला, हे वहीत नोंदवावे. डिस्क गेली की घाईत चांगली डिस्क ओढून काढली जाते, ती चूक या चिठ्ठीने टळते.

डिस्क घेताना ती सीएमआर प्रकारची आहे, हे कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावे. एसएमआर प्रकारची डिस्क नक्कल पुन्हा बांधताना फार रेंगाळते. साठवणीसाठी म्हणून विकल्या गेलेल्या काही डिस्कही एसएमआर असल्याचे २०२० साली उघड झाले होते, म्हणून वेष्टनावरच्या शब्दावर भरवसा ठेवू नये.

किल्ली आपल्या हाती

प्रणालीसाठी ओपन मीडिया व्हॉल्ट आणि ट्रूनास या दोन मोफत सोयी आहेत. पहिली डेबियन लिनक्सवर उभी आहे व कमी रॅमवरही चालते. दुसरीला किमान ८ जीबी लागते. दोहोंतही डिस्कची जोडी प्रणालीतूनच बांधता येते, बोर्डातून नव्हे. अशी जोडी बोर्ड बदलला तरी उघडते. दोन डिस्क उचलाव्यात, दुसऱ्या कोणत्याही चालू बोर्डावर लावाव्यात, तीच प्रणाली टाकावी आणि जोडी पुन्हा आत घ्यावी.

हे ऐकून सोडू नये, करून पाहावे. आम्ही खरा माल ठेवण्याआधी काही फुटकळ फाइली ठेवल्या आणि डिस्क काढून शेजारच्या एका जुन्या कॉम्प्युटरला लावल्या. अर्ध्या तासात फाइली दिसल्या. मग संच परत जोडून यूपीएसशिवाय मेन स्विच पाडला व चालू केला. पहिल्यांदा तो उठलाच नाही, कारण जुनी बॅटरी बदलायची राहिली होती. बॅटरी टाकली, सेटिंग पुन्हा केली, दुसऱ्यांदा तो कोणी हात न लावता उभा राहिला. ही दोन्ही परीक्षा पास झाल्याशिवाय धंद्याचा माल त्यात ठेवू नये. एरवी मात्र संच यूपीएसवरच असावा आणि यूपीएसची यूएसबी वायर बोर्डाला जोडलेली असावी, म्हणजे बॅटरी संपत आल्यावर तो नीट बंद होतो.

शेवटी एक इशारा. दोन डिस्कची जोडी म्हणजे राखीव प्रत नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी पुसली जाते. चोरी, आग आणि पाणी दोन्ही डिस्क एकत्रच नेतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानांचे काय झाले हे मुंबईकरांना सांगायला नको. संच जमिनीवर ठेवू नये आणि तिसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन दुसऱ्या घरी ठेवावी. आमची तिसरी प्रत दर शुक्रवारी मामूंच्या घरी जाते आणि आधीच्या आठवड्याची परत येते.

गिऱ्हाईकाने दिलेले डिझाइन आणि लग्नघराने सोपवलेले फोटो ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. ती परत देता येणे हा धंद्याच्या विश्वासाचा भाग आहे. त्यासाठी भारी मशीन लागत नाही. चार तोंडांचा साधा बोर्ड, नवी बॅटरी, बायोसमधल्या दोन-तीन ओळी आणि एक संध्याकाळ परीक्षेसाठी, एवढे पुरते. आज दुकान बंद करण्यापूर्वी आपल्या कॉम्प्युटरकडे एकदा पाहा आणि स्वतःला विचारा : हा बोर्ड आज रात्री जळाला, तर उद्या सकाळी माझा माल माझ्या हाती येईल का?